रेशीममार्ग आणि सोग्दी व्यापारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य आशियातल्या जुन्या व्यापारी वाटांवर मी अधूनमधून लिहिते, कुठे बोलायला बोलावलं तर त्यावरच बोलते. नंतर येणाऱ्या निरोपांत निम्मे प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. घाईत असाल तर निदान ४ आणि ५ वाचा. माझ्या लेखी या विषयाचा जीव तिथे आहे.

१. रेशीममार्ग नेमका कुठून कुठे जात होता?

एक असा रस्ता नव्हताच. वाळवंटं आणि डोंगर चुकवत एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत जाणाऱ्या वाटांचं ते जाळं होतं. ढोबळमानाने सांगायचं तर चीनमधल्या चांगआनहून (आजचं शीआन) वायव्येला गेलं की दुनहुआंग लागायचं. पुढे तकलामकानचं वाळवंट. त्याच्या मधून सहसा कोणी जात नसे, कडेकडेने जायचं. उत्तरेच्या कडेला तुर्फान आणि कुचा, दक्षिणेच्या कडेला निया आणि खोतान. दोन्ही वाटा काशगरला भेटत. मग पामीर ओलांडून समरकंद, बुखारा, मर्व आणि तिथून इराण. आपल्याकडे येणारे दोन फाटे महत्त्वाचे : एक पामीरमधून गिलगिटमार्गे सिंधूच्या खोऱ्यात, दुसरा बल्ख आणि बामियानवरून तक्षशिलेकडे.

‘रेशीममार्ग’ हे नाव फर्डिनांड फॉन रिश्तहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मध्ये रूढ केलं. त्या वाटांवर पाय झिजवलेल्या तांडेवाल्यांनी ते कधी ऐकलंही नव्हतं.

२. म्हणजे एखादा व्यापारी चीनहून माल घेऊन थेट रोमला पोचायचा?

नाही. माल पोचायचा. माणूस आपल्या ओळखीच्या टापूत फिरायचा आणि माल पुढच्याच्या हवाली करायचा. दर टप्प्याला भाव चढायचा. इ.स. ९७ मध्ये चीनच्या हान राजघराण्याच्या दरबाराकडून गान यिंग नावाचा दूत रोमकडे निघाला होता. तो पश्चिमेला एका समुद्रापर्यंत गेला. तिथल्या खलाशांनी सांगितलं, वारा चांगला असेल तर तीन महिने, नाहीतर दोन वर्षं, आणि समुद्रावर घरच्या आठवणीने माणसं मरतात. गान यिंग माघारी फिरला.

३. हा व्यापार सुरू केव्हा झाला?

पाठ्यपुस्तकी उत्तर : चांग छियान. हान सम्राट वू याने त्याला इ.स.पू. १३८ मध्ये युएची लोकांशी दोस्ती करायला पाठवलं. वाटेत श्योंगनू या भटक्या लढवय्या लोकांनी त्याला पकडून दहाएक वर्षं ठेवलं. तिथून निसटून तो बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानापर्यंत पोचला.

आता गंमत पाहा. बॅक्ट्रियाच्या बाजारात त्याला चीनच्याच नैर्ऋत्य भागातल्या बांबूच्या काठ्या आणि कापड दिसलं. हे कुठून आणलंत, असं विचारल्यावर उत्तर मिळालं : शेन्दू, म्हणजे सिंधू, म्हणजे भारतातून. मार्ग ‘उघडायला’ निघालेल्या माणसाच्या आधी त्याच्या देशाचा माल भारताला वळसा घालून तिथे पोचलेला होता.

बदख्शानच्या खाणीतला निळा लाजवर्द दगड तर याहून दोन हजार वर्षं आधीपासून फिरत होता. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी आमूदर्याच्या काठी शोर्तुगाई इथे वसाहत केली होती. खाणी तिथून जवळ. चांग छियानने वाट सुरू केली नाही, पण तिच्यामागे चीनचं सरकार आणि सैन्य उभं राहिलं ते त्याच्या अहवालानंतर. फरगान्याचे घोडे मिळवायला इ.स.पू. १०४ ते १०१ अशी लढाई झाली, ती त्यातूनच.

४. सोग्दी कोण? शाळेत तर कधी ऐकलं नाही.

समरकंद, बुखारा, पंजिकंद या झरफशान खोऱ्यातल्या शहरांचे लोक. आज हा भाग उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानात आहे. भाषा इराणी कुळातली. त्यांचं साम्राज्य कधी नव्हतं. ग्रीक, कुषाण, हूण, तुर्क, आळीपाळीने कोणी ना कोणी डोक्यावर बसलेलं. पण चौथ्यापासून आठव्या शतकापर्यंत या वाटांवरचा धंदा मुख्यतः त्यांच्या हातात होता आणि त्यांची भाषा बाजाराची भाषा होती. शाळेत त्यांचं नाव ऐकायला मिळत नाही याचं कारण साधं आहे : इतिहासाची पुस्तकं राज्यांची असतात, पेढ्यांची नसतात.

तांग राजघराण्याच्या काळाच्या चिनी इतिहासग्रंथांत समरकंदच्या लोकांविषयी लिहिलंय की मूल जन्मलं की त्याच्या तोंडात खडीसाखर घालतात आणि तळहाताला डिंक लावतात. बोलणं गोड व्हावं आणि हातात आलेला पैसा चिकटून राहावा म्हणून. मुलगा वीस वर्षांचा झाला की परदेशी धंद्याला बाहेर. हे शेजाऱ्याने केलेलं वर्णन आहे, थोडी खवचट नजर त्यात आहेच. पण आपल्याकडे ‘तोंडात साखर’ म्हणतात तेव्हा डिंकाचा भाग आपण सांगत नाही, एवढाच फरक.

चीनमध्ये स्थायिक झालेल्या सोग्दींना गावावरून आडनावं मिळाली : समरकंदचे ते ‘कांग’, बुखाऱ्याचे ‘आन’. एका आन आडनावाच्या माणसाने पुढे काय घडवलं ते प्रश्न १३ मध्ये.

५. या व्यापाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं काही शिल्लक आहे का?

आहे, आणि ते वाचल्यावर बाकीचं सगळं फिकं वाटतं. १९०७ मध्ये पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाईनला दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या पहारा-मनोऱ्यात कागदी पत्रांची पिशवी सापडली. साधारण इ.स. ३१३ च्या सुमाराची ही पत्रं. टपाल कुठेतरी अडकलं आणि ज्यांना लिहिलं होतं त्यांना कधी मिळालंच नाही.

दोन पत्रं मिवनय नावाच्या बाईची आहेत. नवरा नानै-धत तिला आणि मुलीला दुनहुआंगात सोडून गेलाय. तीन वर्षं झाली. ती एकेका नातेवाइकाचे, ओळखीच्यांचे उंबरे झिजवते. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आईला लिहिलेल्या पत्रात ती हतबल आहे. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र तोल सुटतो : तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची बायको झाले असते तर बरं. खाली मुलीने, शायनने, चार ओळी जोडल्या आहेत. फर्नखुंद नावाचा माणूस देणी थकवून पळून गेला आणि त्यापायी आम्हाला चिन्यांकडे चाकरी करावी लागतेय.

दुसरं एक पत्र नानै-वन्दक या गुमास्त्याचं, समरकंदच्या मालकांना. रेशमात गुंडाळून, वर तागाच्या कापडाचं वेष्टन. त्यात तो कळवतो की लुओयांग जळालं, सम्राट पळाला आणि तिथले भारतीय आणि सोग्दी सगळे उपासमारीने मेले. हो, भारतीय. चौथ्या शतकात लुओयांगमध्ये आपले व्यापारी होते, हे असं एका वाक्यात कळतं. आपणही आता जगत नाही असं वाटत असतानाच तो ३२ कस्तुरीच्या पिशव्यांचा आणि समरकंदेत ठेवलेल्या पैशांचा विषय काढतो : ते पैसे एका पोरक्या मुलासाठी धंद्यात गुंतवा, व्याज वाढू द्या.

६. तांड्यात किती माणसं, किती उंट असायचे? धोका कितपत होता?

एक आकडा पक्का मिळतो. इ.स. ५५३ च्या सुमारास चिनी सैन्याने एक तांडा पकडला, त्यात २४० परदेशी व्यापारी, ६०० उंट आणि खेचरं, आणि रंगीत रेशमाचे १०,००० तागे होते. एवढे मोठे तांडे रोज जात नसत. बहुतेक लहान.

उंट म्हणजे दोन वशिंडांचा, थंडी सोसणारा. चिनी ग्रंथांत त्याचं एक निरीक्षण आहे. गरम वाळूचं वादळ यायचं असलं की म्हातारे उंट आधी ओळखतात, ओरडून एकत्र जमतात आणि तोंड वाळूत खुपसतात. ते पाहून माणसं लगेच नाकतोंडावर नमदा ओढून घ्यायची.

वादळापेक्षा वाईट चोर. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग ज्या जथ्यासोबत होता त्यातल्या काही व्यापाऱ्यांनी बाजारात आपण पहिले पोचू म्हणून मध्यरात्री गुपचूप पुढे कूच केलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना वाटेत त्यांची प्रेतं दिसली. माल गेलेला.

तांड्याच्या प्रमुखाला सोग्दी ‘सर्तपाव’ म्हणत, चिनी ‘साबाओ’. हा शब्द आपला आहे : संस्कृत सार्थवाह. सार्थ म्हणजे तांडा. चीनने पुढे हे सरकारी पद केलं. शीआनला २००३ मध्ये विर्काक नावाच्या साबाओची कबर सापडली, मृत्यू इ.स. ५७९, मृत्युलेख सोग्दी आणि चिनी अशा दोन भाषांत.

७. रेशमाशिवाय काय विकत?

पुष्कळ काही. तुर्फानजवळच्या गावोचांगच्या बाजारात तोलाईवर कर बसायचा. त्या सातव्या शतकाच्या सुमाराच्या नोंदींत सोनं, चांदी, रेशमी सूत, सुगंधी द्रव्यं आणि नवसागर पुन्हा पुन्हा दिसतो. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर उठतो. कातडी कमवायला आणि धातूकामाला तो लागायचा. घोडे, खोतानचा जेड, कस्तुरी, गुलाम हेही होतेच. गुलामांचा व्यापार रोमँटिक चित्रपटांत दाखवत नाहीत. मुलगी विकल्याचे करार मात्र जपून राहिले आहेत.

रेशमाबद्दल एक गैरसमज दूर करते. ते केवळ चैनीची वस्तू नव्हतं, पैसा होतं. तांग सरकार सीमेवरच्या सैन्याचा खर्च साध्या रेशमाच्या ताग्यांत पाठवायचं, कारण तांब्याची नाणी वाहून नेणं परवडायचं नाही. पश्चिमेकडे रेशीम लोटलं गेलं त्याचं मोठं कारण शिपायांचा पगार हे आहे.

८. इतके जुने कागद वाळवंटात टिकले कसे?

पाऊस नाही म्हणून. आणि काटकसरीमुळे. तुर्फानच्या अस्ताना दफनभूमीत मृतांना कागदी बूट, टोप्या, पट्टे घालून पुरत. कागद महाग, म्हणून ते रद्दीचे : जुने करार, तक्रारअर्ज, बाजाराच्या नोंदी. संशोधक आज बुटाचे तळवे उसवून, कात्रीने कापलेले तुकडे जुळवून वाचतात. प्रश्न ७ मधल्या कराच्या नोंदी अशाच आल्या आहेत.

दुनहुआंगच्या लेण्यांतली बंद खोली हा वेगळा प्रकार. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत घालून बंद केली, १९०० मध्ये वांग युआनलू या ताओ साधूला ती सापडली. आत हजारो हस्तलिखितं. स्टाईनने १९०७ मध्ये आणि फ्रेंच अभ्यासक पेलियोने १९०८ मध्ये गाठोडीच्या गाठोडी विकत नेली. ती चोरी होती की खरेदी, यावर भांडण आजही चालू आहे. मला विचाराल तर, ज्याला विकायचा अधिकार नाही त्याच्याकडून कवडीमोलाने घेतलेली खरेदी.

९. आपल्या भाषा तिथे कोणी वापरत होतं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. तकलामकानच्या दक्षिण कडेला निया नावाचं वाळूत बुडालेलं गाव आहे. तिथे शेकडो लाकडी पाट्या सापडल्या, तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या. दोन फळ्या एकमेकींवर, वर दोरी, दोरीवर मातीची मोहर. लिपी खरोष्ठी, भाषा गांधारी प्राकृत. राजाची आज्ञा अशी सुरू होते : ‘महनुअव महरय लिहति’. महानुभाव महाराज लिहितात! मराठी माणसाला भाषांतर लागत नाही. पुढे ‘मंत्र देति’, म्हणजे आज्ञा देतात. आणि मजकूर? कोणाचा उंट मेला, भरपाई कोण देणार. कोणी कोणाची जमीन बळकावली. पळालेल्या गुलामाचं काय. आपल्या तालुक्याच्या कचेरीत आजही निघतात ते कज्जे.

तिथले लोक घरी दुसरीच भाषा बोलत. प्राकृत ही कारभाराची भाषा होती, गांधारमधून आलेली.

१०. बौद्ध धर्म व्यापाऱ्यांनी चीनला नेला असं म्हणतात. मग सोग्दी बौद्ध होते का?

बहुतेक नव्हते. मायदेशात ते अग्निपूजक परंपरेचे, शिवाय नाना देवी त्यांची लाडकी. नानै-वन्दक म्हणजे नानाचा बंदा. पण परदेशात गेलेल्यांपैकी काही बौद्ध झाले. कांग सेंगहुई याचे पूर्वज समरकंदचे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेलं, बाप धंद्यासाठी आजच्या उत्तर व्हिएतनामात गेलेला. मुलगा तिसऱ्या शतकात दक्षिण चीनमध्ये धर्म सांगत होता.

सगळं श्रेय व्यापाऱ्यांना देऊ नये. कुमारजीवचा (इ.स. ३४४ ते ४१३) बाप भारतातून कुचाला गेलेला, आई कुचाच्या राजघराण्यातली. त्याची चिनी भाषांतरं आजही म्हटली जातात. तांडा भिक्खूला सोबत आणि अन्न देत होता, ग्रंथ मात्र भिक्खूच वाहत होता.

११. महाराष्ट्राचा या वाटांशी काही संबंध?

ओढूनताणून जोडू नये, पण खरे धागे आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत चिनी रेशीम बॅक्ट्रियामार्गे खुष्कीने भडोचला येतं असं लिहिलंय. त्याच भडोच बंदरात पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून, म्हणजे धाराशिवजवळच्या तेरहून, कापड गाड्यांत भरून जाई. म्हणजे मध्य आशियाची एक वाट आणि आपली घाटवाट एकाच धक्क्यावर संपत होती.

अजिंठ्याच्या चित्रांतला गडद निळा रंग लाजवर्दाचा. तो दगड दख्खनमध्ये मिळत नाही (प्रश्न ३ पाहा). पंचांगातला ‘शके’ हा शब्द मध्य आशियातून उतरलेल्या शकांची आठवण आहे; त्यांच्यातल्या नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यात आजही उभ्याने वाचता येतात. आणि ह्युएन त्संग समरकंद, बामियान करत ६४१ च्या सुमारास इथे आला. इथल्या लोकांविषयी त्याने लिहिलं : उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, पण वार करण्याआधी शत्रूला सावध करतात.

१२. दोन दंतकथा : रेशमाचे किडे काठीतून चोरले, आणि तलासच्या लढाईने कागद पश्चिमेला गेला. खरं किती?

किडे : इ.स. ५५२ च्या सुमारास भिक्षूंनी अंडी बायझंटियमला, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात, नेली हे तिथला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, पण त्याच्या वृत्तांतात काठी नाही. काठी दुसऱ्या लेखकाची, आणि त्याच्याकडे नेणारा भिक्षू नसून एक इराणी आहे. लोकांनी दोन्ही गोष्टी शिवून टाकल्या. त्याआधी खोतानला अंडी कशी गेली याचीही कथा आहे : सासरी निघालेल्या राजकन्येने ती केसांच्या शिरोभूषणात लपवली. खोतानजवळ दंदान-ओइलिकला सापडलेल्या एका रंगवलेल्या फळीवर दासी नेमकं त्या शिरोभूषणाकडे बोट दाखवते आहे.

कागद : तलासची लढाई ७५१ मधली, चीनचं तांग आणि अरबांचं अब्बासी अशा दोन सैन्यांत. कैद्यांनी समरकंदला कागद शिकवला ही कथा अकराव्या शतकातल्या लेखकाची. त्या लढाईत सापडलेला तू हुआन नावाचा चिनी कैदी पुढे घरी परतला. त्याने विणकर, चित्रकार, सोनार यांचा उल्लेख केला, कागद करणाऱ्यांचा नाही. शिवाय प्रश्न ५ मधली सोग्दी पत्रं कागदावरच आहेत, लढाईच्या सव्वाचारशे वर्षं आधी. कागद समरकंदला पोचायला लढाई लागली नाही, टपाल पुरलं.

१३. मग सोग्दी गेले कुठे?

दोन्हीकडून घाव बसले. आठव्या शतकाच्या सुरुवातीला अरबांनी समरकंद घेतलं. पंजिकंदचा राजा देवाश्तिच मुग डोंगरावरच्या गढीत लपला, ७२२ मध्ये पकडून मारला गेला. त्याची कागदपत्रं १९३० च्या दशकात तिथेच सापडली. त्यांत ७१० सालचा एक विवाहकरार आहे, आणि त्यात बायकोलाही काडीमोड घेण्याची मुभा आहे.

चीनच्या बाजूला ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने बंड केलं. बाप सोग्दी. लुशान म्हणजे मूळ ‘रोक्षान’, आपल्याकडचा रोशन. बंड मोडल्यावर सोग्दी चेहऱ्याच्या, आडनावाच्या माणसांवर संशयाचा वरवंटा फिरला. अनेकांनी आडनावं बदलली. हळूहळू ते चिन्यांत, तुर्कांत आणि फारसी बोलणाऱ्यांत मिसळून गेले.

भाषा पुरती मेली नाही. ताजिकिस्तानच्या याग्नोब खोऱ्यात तिची वंशज अजून बोलतात. लिपी तर लांब गेली : सोग्दीवरून उइघुर, त्यावरून मंगोल.

१४. ऑटोमन तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि मार्ग बंद पडला, बरोबर?

स्पर्धा परीक्षेत तसंच लिहा, गुण मिळतील. प्रत्यक्षात असा कुलूप लावण्याचा दिवस नव्हता. मंगोल काळात वाटा जोरात होत्या. मग साम्राज्य फुटलं, प्लेग आला (इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ च्या कबरींत त्याचे जंतू २०२२ च्या संशोधनात सापडले), आणि जहाजं स्वस्त पडू लागली. मध्य आशियातला अंतर्गत व्यापार नंतरही शतकं चालला.

१५. जाऊन काय पाहू? आणि मुलांना काय दाखवू?

समरकंदला गेलात तर रेगिस्तानच्या निळ्या घुमटांसमोर फोटो काढून परतू नका. ते पंधराव्या शतकापासून पुढचे आहेत. शहराच्या कडेला अफ्रासियाब नावाची टेकाडं आहेत, तेच जुनं समरकंद. १९६५ मध्ये तिथे रस्त्याच्या कामात एका दालनाच्या चित्रभिंती निघाल्या, सातव्या शतकातल्या, वर्खुमान राजाच्या काळच्या. शेजारच्या संग्रहालयात आहेत. रेशमाचे गठ्ठे घेऊन आलेले चिनी दूत बघा.

पाकिस्तानात काराकोरम महामार्गावर शतियालला सिंधूकाठच्या खडकांवर सोग्दी वाटसरूंनी कोरलेले लेख आहेत. एक नानै-वन्दक (प्रश्न ५ मधलाच असं नाही, नाव सर्रास होतं) तिथल्या देवाला साकडं घालतो : लवकर पुढच्या मुक्कामी पोचू दे आणि भावाला सुखरूप पाहू दे.

मुलांसाठी पंजिकंदची चित्रं. काही दुशान्बेला, काही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. आठव्या शतकातल्या धनिकांच्या घरांच्या भिंतींवर खाली, बसल्यावर डोळ्यांसमोर येतील अशा पट्ट्यांत गोष्टी रंगवल्या आहेत. त्यांतली एक पंचतंत्रातली सिंह आणि सशाची आहे. माझ्या सात वर्षांच्या भाचीला तिचा फोटो नुसता दाखवला, काही न सांगता. तिने विचारलं, “विहीर कुठाय?”